फोटोच्या डाव्या कडेला

हळूकाका हे नाव मुलांनी ठेवलं होतं, आणि ते इतकं चिकटलं की एकदा भर सभेत मुख्याध्यापकांच्या तोंडूनसुद्धा तेच निघालं. काका शाळेची बस चालवायचे. चालवायचे म्हणजे काय, काठोकाठ भरलेली बादली घेऊन चालल्यासारखी चालवायचे. सायकलवाले पुढे निघून जायचे, काठी टेकत फिरायला निघालेले आजोबा पुढे निघून जायचे, आणि एकदा तर एक कोंबडी पुढे गेली म्हणे, असं मोठ्या वर्गातली कार्टी सांगायची. काकांना त्याचं काहीच नाही. "पोचलात ना? मग झालं तर!" एवढंच म्हणायचे.

इतकी वर्षं झाली पण बसला ओरखडा नाही. आणि त्यामागे त्यांची एक पद्धत होती. बसचं दार डावीकडे. मुलं चढली-उतरली की काका गिअर टाकायच्या आधी मोठ्यांदा विचारायचे, "डावीकडे?" मुलांना हाताला धरून उतरवणारी बसमधली मावशी पायरीवरून खाली वाकायची, चाकापर्यंत बघायची आणि ओरडायची, "मोकळं!" की लगेच सगळी मुलं तिच्या मागे, "मोकळंऽऽ!" मग बस हलायची. मागे हॉर्नचा कितीही कल्ला होऊ दे, "मोकळं" ऐकल्याशिवाय काका जागचे हलायचे नाहीत.

त्या एका शब्दाने किती दिवस काय झाकून ठेवलं होतं, ते कुणाला माहीतच नव्हतं. काकूला तर नाहीच नाही.

काकू म्हणजे त्यांची बायको. ती एका फोटो स्टुडिओत प्रिंट काढायची. मशीनमधून गरम गरम फोटो बाहेर आले की मोठ्या कटरवर ठेवायचे आणि खट्‌ खट्‌ कापायचे. तिचा हात असा बसलेला की मापाची पट्टी लावायला लागायची नाही. ओळखपत्राचा फोटो असला की चेहरा बरोबर मधोमध. "काकू, तुमच्या हाताखालून गेलं की वाकडा माणूसपण सरळ होतो," असं मालक म्हणायचा. मालक तिच्या लेकीच्या वयाचा, बडबड्या, दिवसातून दहा वेळा चहा पिणारा.

त्याच्याच कपाटात एक कॅमेरा पडून होता. कुणीतरी दुरुस्तीला टाकला आणि न्यायलाच आलं नाही. एक दिवस मालक म्हणाला, "काकांना द्या हो. शाळा सुटेपर्यंत बसमध्ये घोरत असतात, त्यापेक्षा काहीतरी करतील."

आणि काकांनी काय केलं माहितीये? पानगळीचे फोटो काढले. शाळेच्या कुंपणाला लागून उंच उंच झाडांची रांग होती, आणि तेव्हा नुकती पानं गळायला लागली होती. मुलांना सोडलं की माणूस जो खाली बसायचा तो थेट घंटा होईपर्यंत. गुडघे टेकून, कधी चक्क पोटावर झोपून. कशाचे फोटो? तर किड्याने जाळी केलेल्या पानातून येणाऱ्या उन्हाचा. बसच्या ओल्या काचेला चिकटलेल्या एका पिवळ्या पानाचा. गटाराच्या झाकणावर अडकलेल्या लाल पानांचा. कोळ्याच्या एका धाग्यावर हवेतच लटकून गोल गोल फिरणाऱ्या पानाचा. पानाला हात लावायचा नाही हा त्यांचा नियम. पडलं तसं. "अगं, आपण मांडून एवढं छान जमणार आहे का?" म्हणायचे. ज्या माणसाने जन्मात कधी ढगाकडे मान वर करून बघितलं नाही तो बायकोला स्वयंपाक सोडून खिडकीत बोलवायला लागला, का, तर म्हणे भिंतीवर फांद्यांची सावली बघ कशी पडलीये!

काकूला इतका आनंद झाला होता ना. नवरा नव्यानेच मिळाल्यासारखा. रोज संध्याकाळी कॅमेऱ्यातलं कार्ड ती काढून घ्यायची, दुसऱ्या दिवशी स्टुडिओत न्यायची, आणि कामं संपली की प्रिंट काढायची.

फक्त एक होतं. फोटोत पान नेहमी उजवीकडे असायचं, आणि डावीकडे काहीतरी भलतंच. कचऱ्याच्या डब्याची कड. कुणाचा तरी बूट. अर्धं कुत्रं. सायकलचं चाक. काकूला वाटायचं, नवीन आहेत, उत्साहात धांदल होते. मग काय, ती फोटो कटरवर ठेवायची आणि डावीकडची पट्टी खट्‌कन उडवायची. पान आलं मधोमध. झालं काम! काकांना दाखवताना एका शब्दाने बोलायची नाही. कशाला बिचाऱ्याचा हिरमोड करा? पट्ट्या टेबलाखालच्या खोक्यात जायच्या. त्यांच्या नातीला त्या पुस्तकात खुणेला लागायच्या.

ही नात, खारू. तिची आई, म्हणजे काकूची लेक, दुसऱ्या शहरात नर्स, म्हणून खारू आजी-आजोबांकडेच राहायची आणि आजोबांच्याच बसने शाळेत जायची. दिसेल ते उचलून खिशात कोंबायची, बिया, खडे, पिसं, म्हणून खारू.

आता मागे वळून बघितलं की वाटतं, सगळं समोरच तर होतं! काका ताटातली अर्धी भाजी तशीच ठेवून हात धुवायला उठायचे. काकू म्हणायची, "भाजी का टाकली?"

"कुठे टाकली? संपली की."

ती वैतागून ताट फिरवायची की काका परत बसायचे. "अगं, अजून कशाला वाढलीस?" आणि खायचे. ती हसायची. दाढी केली तरी डाव्या गालावर खुंट राहायचे. दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटायचा, तिथे काळंनिळं झालेलं. आणि पेपर वाचताना भडकायचे, "हल्ली छापतात तरी काय हे! वाक्याला शेंडा ना बुडखा, मधूनच सुरू!"

"तुमचं डोकं त्या पानांत असतं," काकू म्हणायची. "पेपरातली पानं पण नीट बघा जरा."

हसायची हो. पण एकदा असं झालं की ती त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहून चहाचा कप पुढे धरून होती, आणि ते समोर भिंतीकडे बघत म्हणाले, "अगं चहा आण ना, किती वेळ!" तिच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच. पण तिने काय केलं? ती पलीकडून फिरून उजवीकडे आली आणि म्हणाली, "हा घ्या." बस. विषय संपला.

मग एका शुक्रवारी काका घरी आले ते दोन बातम्या घेऊन. एक, शाळेच्या व्हरांड्यात त्यांचे फोटो लागणार. लांबलचक फ्रेमा पण आणल्यात. आणि दुसरी, मावशी सोमवारपासून सुट्टीवर. तिच्या लेकीचं बाळंतपण.

"मग बदली कोण?" काकूने विचारलं.

"बदली नाही मिळत इतक्यात. साहेब म्हणाले, काका, तुम्ही आहात म्हणजे काळजी नाही, एकटे सांभाळा थोडे दिवस." आणि छाती फुगवून म्हणाले, "विश्वास आहे लोकांचा."

"हो, आहे," काकू म्हणाली.

शनिवारी स्टुडिओत मालकाने ते फोटो मोठे छापायला लावले. "कापायचं नाही हां काकू, फ्रेम लांब आहे, पूर्ण लागणार." मशीनने घुर्र करत पहिला फोटो बाहेर ढकलला. नेहमीसारखा उजवीकडून आला. पदपथाच्या कडेला उभं राहिलेलं एक तपकिरी पान, देठावर, नाचताना थांबल्यासारखं, त्यातून ऊन आरपार, शिरन्‌ शीर दिसतेय. इतकं सुंदर! काकूच्या तोंडून "अगंबाई" निघालं.

कागद पुढे सरकला. एक बारीक हात आला. हातात लाल पान. मग बाही. मग चेहरा.

खारू होती. आजोबांसारखीच उकिडवी बसलेली, कॅमेऱ्याच्या इतकी जवळ की जराशी अंधुक आलेली. हात लांब करून ती लाल पान पुढे धरत होती. सरळ कॅमेऱ्याकडे बघत होती. हसत नव्हती.

"अरे वा! नात पण घेतली की काकांनी," मालक मागून म्हणाला. "पण काय हो, हिला एवढी कडेला का टाकली?"

काकू खाली वाकली, टेबलाखालचं खोकं ओढलं आणि सगळ्या पट्ट्या टेबलावर ओतल्या. एकेक सरळ करून मांडायला लागली. बूट. डबा. कुत्रं. चाक. एका पट्टीत मावशीचा हात, काहीतरी सांगतेय असा. एकीत हेडलाइट, स्कूटरचा, खूप जवळ. एकीत परत खारूचं दप्तर. अजून एकीत खारूचे बूट. इतके दिवस ती हे सगळं स्वतःच्या हाताने खट्‌ खट्‌ उडवत होती! नवऱ्याला जे दिसत नव्हतं नेमकं तेवढंच तिने कापून टेबलाखाली टाकलं होतं. तिने कटर ढकलून दूर सारला.

"काकू? अहो काकू, बसा! चहा सांगू?"

"पाणी दे रे," ती म्हणाली.

घरी आली तेव्हा खारू पायरीवर बसून बिया मोजत होती. काकूने फोटो दाखवला. "हे केव्हाचं गं?"

"कालचं. आमचा वर्ग लवकर सुटला ना तेव्हा."

"आजोबांना पान देत होतीस?"

"हो. पण घेतलंच नाही त्यांनी. बोलले पण नाहीत." खारूने बिया खिशात टाकल्या. "मला आधी वाटायचं रागावलेत. पण तसं नाहीये आजी. या हाताला उभं राहिलं ना," तिने स्वतःचा डावा हात वर केला, "की आजोबा बोलत नाहीत. त्या हाताला गेलं की बोलतात. म्हणून मी पळत त्या हाताला जाते."

"पळत? कुठून पळत जातेस तू?"

"बसच्या पुढून."

काकूने पोरीला जवळ ओढलं, इतकं घट्ट की खिशातल्या बिया तिला टोचल्या.

संध्याकाळी काका कॅमेऱ्याची काच पुसत बसले होते. काकूने फोटो त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला.

"आहाहा!" काका म्हणाले. "हे बघ, याला म्हणतात पान. ऊन बघ कसं धरलंय त्याने."

"आणि?"

"आणि काय?"

"अजून काय आहे फोटोत?"

"रस्ता आहे. अजून काय पाहिजे तुला, सिंहासन?"

काकूने फोटोवर दोन बोटं ठेवली आणि तो हळूहळू उजवीकडे सरकवायला लागली. काकांची नजर समोरच होती. पान त्यांच्यापुढून निघून गेलं. मग रस्ता. मग तो हात आला, लाल पान आलं, चेहरा आला. काकांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं, म्हणजे खालचं सगळं निघून गेलं आणि हसू तेवढं विसरून राहिलं, तसं.

"हिला कधी चिकटवलीस इथे?" ते म्हणाले.

"मी नाही चिकटवली."

"हल्ली काहीही जोडता येतं. त्या मालकाची चेष्टा असणार."

"अहो, ती तिथे होती. हातभर अंतरावर. तुम्हाला दिसली नाही. डावीकडचं दिसत नाही तुम्हाला, ताटातलं नाही, पेपरातलं नाही, मी चहा घेऊन उभी होते ती नाही. सोमवारी जाऊ नका. डॉक्टरकडे जाऊ आधी."

मग मात्र काकांचा भडका उडाला. "फोटो काढताना माणूस पानात असतो! गाडीवर बसलो की मी गाडीत असतो! एक ओरखडा दाखव बसला, एक! तू माझ्या हातातून बस काढून घ्यायला निघालीस? मग मी काय करू, घरात बसून पानं मोजू?"

"पानंच मोजा," काकू म्हणाली, आणि तिला रडू आलं.

रात्रभर दोघं पाठीला पाठ लावून पडून राहिले. एकही झोपलं नाही.

रविवारी सकाळी काका नेहमीसारखे बस धुवायला गल्लीत गेले. काकू मागोमाग गेली. खारू पायरीवर. हवेत गारवा, आणि बसच्या टपावर रात्रीत गळलेल्या पानांचा थर. काका तिच्याकडे बघून जरा नरमले. "ये. तुझ्या मनातली शंका काढूनच टाकू. मी वर बसतो, तू फिर बसभोवती. कुठे आहेस ते सांगतो. जिंकलो तर सोमवारचा विषय बंद. कबूल?"

"कबूल."

काका स्टिअरिंगवर बसले. काकू हातात पुसायचं पिवळं फडकं घेऊन चालायला लागली.

"उजवीकडे, आरशापाशी!"

बरोबर होतं.

"आता समोर. नंबरप्लेटच्या इथे."

बरोबर. खारूने टाळ्या वाजवल्या. काकू समोरून दोन पावलं पुढे गेली, डाव्या दिव्यासमोर, आणि थांबली. काचेतून तिला काकांचा चेहरा स्वच्छ दिसत होता. पस्तीस वर्षांपूर्वी लग्नात बघितला होता तितका स्वच्छ. ते तिच्याच दिशेने वळले. आरपार बघितलं. तिने फडकं वर केलं, हलवलं. पिवळंजर्द फडकं.

"मागे गेलीस!" काका म्हणाले. "काय? मागे ना?"

खारू खिदळली. "आजोबाऽ, आजी तर तिथेच आहे!"

"फसवू नकोस गं," काका हसले. "चला, जिंकलो. आता सरका, बस नळाजवळ घेतो. डावीकडे?"

ते सवयीने विचारून गेले. मावशी नव्हती. कुणी काही बोललं नाही. आणि काकांनी, आयुष्यात पहिल्यांदा, उत्तराची वाट न बघता स्वतःच म्हटलं, "मोकळं."

इंजिन सुरू झालं. काकूला बाजूला व्हायचं होतं हो, खरंच व्हायचं होतं! पण पाय जमिनीला खिळल्यासारखे. ती त्यांच्या डोळ्यांत बघत होती, आता दिसेन, आता दिसेन. टपावरची पानं थरथरून तिच्या अंगावर पडायला लागली. ब्रेक सुस्कारा टाकल्यासारखा सुटला आणि बस हलली.

"मोकळं नाही!" खारू किंचाळली. "आजोबा, मोकळं नाही! मोकळं नाहीऽऽ!"

काकांचा पाय डोक्याने विचार करायच्या आधीच ब्रेकवर गेला. बस काकूच्या हाताला टेकून उभी राहिली. फडकं दिव्यावर दाबलेलं.

इंजिन बंद झालं.

"कुठे आहेस?" काकांचा आवाज वरून आला, बारीक.

"इथेच."

"केव्हापासून?"

"तुम्ही म्हणालात ना मागे गेलीस, तेव्हापासून."

काकांनी उजव्या खिडकीतून हात बाहेर काढला. हातात किल्ली होती. काकू बसला धरत धरत पुढून वळसा घालून त्या बाजूला आली. ते तिचीच वाट बघत होते, तरी ती दिसली तेव्हा इतके दचकले की किल्ली खाली पानांत पडली. ती खारूने शोधून काढली.

मुख्याध्यापकांना फोन त्यांनी स्वतः केला. "उद्यापासून मी येत नाही. नाही, ताप नाही. दिसत नाही मला," एवढं बोलून फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून बसले. सोमवारी गल्लीतून दुसऱ्याच कुणीतरी बस नेली. जोरात नेली. काका खुर्चीतून अर्धे उठले आणि परत बसले.

डोळ्यांच्या डॉक्टरने बराच वेळ तपासलं आणि म्हणाला, "डोळे चांगले आहेत तुमचे." काकूचा जीव भांड्यात पडणार तेवढ्यात तो म्हणाला, "काय आहे ते डोळ्यांच्या मागे आहे." मग मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी. तिथे काकांना एका यंत्रात झोपवून डोक्याचे फोटो काढले. काका बाहेर येऊन म्हणाले, "याने तरी डावी कड कापली नाही म्हणजे मिळवलं." कुणालाच हसू आलं नाही. रिपोर्ट पुढच्या आठवड्यात.

फोटो मात्र ते काढतातच. खारू शाळेतून आली की दोघं निघतात. ती त्यांच्या डाव्या हाताला चिकटून चालते आणि सांगत राहते, "खांब आला. मांजर. एक ताई. खड्डा." झाडं आता जवळजवळ उघडी झालीत, एखाद-दुसरंच पान टोकाला लटकलेलं असतं, आणि काका नेमकं तेच शोधतात.

काल काकूने नवीन फोटो छापले. आता ती काहीच कापत नाही. काळ्या फांदीवर शेवटचं एक पान, मागे राखाडी आकाश. तिने तो महिन्यापूर्वीच्या फोटोशेजारी ठेवला. मग परवाच्या. तिच्या हाताला माप लागत नाही, तरी तिने मापाची पट्टी घेतली, परत परत लावून बघितली. महिन्यापूर्वी पान उजवीकडे होतं. परवा अजून उजवीकडे. कालच्या फोटोत ते अगदी काठाला टेकलं होतं, देठाचं टोक तर कागदाच्या बाहेर गेलेलं.

मालकाने विचारलं, "काय झालं काकू?" ती म्हणाली, "काही नाही."

घरी काका खिडकीत बसले होते. "कसा आलाय गं?"

काकू त्यांच्या उजवीकडे गेली, फोटो होता त्याहून जरा अजून पलीकडे धरला.

"छान आलाय," ती म्हणाली. "दिसतोय ना?"